थेटरातली सागवानी जमीन

“फुटाला काय भाव?”

दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारायचा. शिरूरला पुणे-नगर रस्त्यालगत आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे शेठचं. प्लायवुड, दारं, आणि कारखान्यांतले साहेब लोक बंगले बांधायला लागले तेव्हापासून वुडन फ्लोअरिंग, म्हणजे लाकडी जमिनी. मी तिथं बिलं टाइप करायला लागले आणि निवृत्त झाले ती साइटवर जाऊन माप घेणारी, जमीन तपासणारी, खर्च सांगणारी बाई म्हणून. ही बढती हुशारीवर मिळाली नव्हती. माप घ्यायला बाईमाणूस आलं की घरातल्या बायका बेडरूमचं दार कुरकुर न करता उघडतात, एवढं शेठच्या लक्षात आलं होतं. जमिनीची अक्कल मला पुढं आली, तीही बरीचशी आमच्या रामदरस मिस्त्रींकडून. हे गोरखपूरकडचे. पंचवीसेक वर्षं शिरूरला राहून त्यांची हिंदी बिघडली होती आणि मराठी सुधारली नव्हती.

भाव विचारणाऱ्याला मी उलट विचारायची, “खाली काय आहे?” गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई टाळाटाळ करते. पण लाकडाचा भाव दुकानात बसून सांगता येतो, जमिनीचा येत नाही. जमिनीकडं जावं लागतं.

लाकडाचं मी दुधावरून सांगायची, कारण आमच्या भागात दूध सगळ्यांना कळतं. सागाची अख्खी फळी म्हणजे निर्भेळ दूध, म्हणून महाग. दुसरा प्रकार प्लायचा, त्यावर खऱ्या लाकडाची पातळ साय चढवलेली असते. तो मधल्या भावाचा आणि बऱ्याच घरांना पुरेसा. तिसरं लॅमिनेट. ते दूधच नव्हे, दुधाचा फोटो आहे. फोटो वाईट नसतो, पण त्याचं दही लागत नाही. एवढं सांगितलं की लोक हसायचे आणि निम्मे लोक फोटोच घ्यायचे. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही.

खरा खर्च पुढं असतो. खालची जमीन वरखाली असेल तर ती आधी सपाट करावी लागते. ओल असेल तर ती अडवावी लागते. जुनी फरशी उखडायची तर मजुरी आली, राडारोडा टाकायला ट्रॅक्टर आला. लाकूड वर चढलं की सगळी दारं खालून तासावी लागतात. फळ्या सरळ टाकल्या तर तुकडे कमी वाया जातात, तिरक्या टाकल्या किंवा माशाच्या काट्यासारखी नक्षी मागितली की वाया जाणारं लाकूड वाढतं, आणि त्याचेही पैसे गिऱ्हाईकच देतं. यातलं एकही फुटाच्या भावात दिसत नाही.

आणि काम लहान असेल तर भाव चढतो. हे लोकांना सगळ्यात अवघड जायचं. न्हावऱ्याला एकानं दुधाच्या धंद्यावर मोठा बंगला बांधला. त्याला स्वतःच्या आणि वडिलांच्या खोलीत लाकूड हवं होतं. वडिलांच्या खोलीचं माप घेताना म्हातारा कोपऱ्यात घोंगडीवर बसून माझ्याकडं बघत होता. तरुणपणी मेंढरांमागं सगळा मुलूख पालथा घातलेला माणूस.

“काय मोजतीस गं पोरी?”

“आबा, तुमच्या खोलीत लाकूड बसवायचंय खाली.”

आबांनी पोराकडं बघितलं. “लाकडावर मानूस एकदाच निजतो. मला घाई न्हाई.”

खोली यादीतून गेली. काम निम्म्यावर आलं, मिस्त्री लोकांचं जाणं-येणं, गाडी आणि हत्यारं तेवढीच राहिली, म्हणून फुटाचा भाव वाढला. पोरगा चिडला. “काम कमी केलं तर भाव वाढला? असं कुठं असतं का ताई?” मी म्हटलं, “एका लिटरसाठी टँकर बोलावला तर परवडेल का तुम्हाला?” दूधवाला होता, लगेच पटलं.

अशी कामं पुष्कळ झाली. त्यांतलं एक मात्र मी अजून लोकांना सांगते. ते बंगल्याचं नव्हतं.

एका दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि एक बाई उतरली. साठीच्या आत-बाहेरची, ठसठशीत कुंकू, नऊवारी, चालताना दोन्ही गुडघे आखडलेले. बरोबर दोन तरुण मुली होत्या. मी नेहमीसारखे नमुन्याचे तुकडे टेबलावर मांडले. गिऱ्हाईक त्यावरून हात फिरवतं, नखानं टोकरतं, उजेडात धरून बघतं. या बाईनं तुकडे उचलून खाली जमिनीवर ठेवले, चप्पल काढली, एका मुलीच्या खांद्याला धरून एकेका तुकड्यावर उभी राहिली आणि टाच आपटली. सागावर, बांबूवर, लॅमिनेटवर, परदेशी ओकवर. शेठ केबिनमधून बाहेर आले.

“अहो, हात लावून बघा की,” मी म्हटलं.

“हाताला काय कळतंय? हात थोडाच नाचतोय.”

त्या कौसल्याबाई. सोलापूर रस्त्याला, यवतच्या पुढं एका थेटरात त्यांची बारी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बारी म्हणजे लावणी करणाऱ्या बायकांची आणि ढोलकी-पेटीवाल्यांची एक टोळी. तिची मालकीण एक बाई असते. थेटराचा मालक वेगळा, तो जागा देतो. एकेका थेटरात अशा बाऱ्या खोल्या घेऊन राहतात आणि आपापल्या पाळीनं स्टेजवर नाचतात. मी केडगावची. रोज एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला जायची. ही थेटरं माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर, पण आयुष्यात कधी आत गेले नव्हते. आमच्याकडच्या बायका तिथून जाताना बसच्या दुसऱ्या बाजूला बघतात.

“काँक्रीटवर ग्रॅनाइट हाय,” कौसल्याबाईंनी सांगितलं. “त्याच्यावर माजं गुडघं गेलं. आता पोरींचं चाललंय. ही रेश्मा. नडगीच्या हाडाला चीर गेलीय म्हनतो डाक्टर.”

रेश्मा त्या दोघींमधली उंच मुलगी. ती आल्यापासून एकाच पायावर भार देऊन उभी होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. कौसल्याबाईंच्या बहिणीची मुलगी, बारीतली मुख्य नाचणारी.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हनले, नाच सोडा न्हाईतर जमीन बदला. आता नाच सोडून काय करायचं ह्या वयात?” कौसल्याबाई म्हणाल्या. मग मला वाटलं तोच प्रश्न आला. “फुटाला काय भाव?”

“खाली काय आहे ते बघायला यावं लागेल.”

“या की. सकाळी या. संध्याकाळी तुमाला न्हाई आवडायचं.”

मी सकाळी गेले. थेटरातली सकाळ कुठल्याही चाळीसारखी असते. कुणी केस धुवत होतं, कुणी पोराला शाळेत पाठवण्यासाठी बखोटीला धरून नेत होतं, एका खोलीतून कांदा परतल्याचा वास येत होता. स्टेज रिकामं होतं. काळंभोर ग्रॅनाइट, आरशासारखं. पुढची कड अर्धचंद्राकार. मी चपला बाहेर काढल्या आणि वर चढले. पाय गारठला.

थेटराचे मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणत, माझ्यामागोमाग आले. पंचावन्न-साठचे, पांढरा पायजमा-शर्ट, चेहऱ्यावर नाराजी. “कुनाच्यातल्या तुमी?” त्यांनी आधी विचारलं. मी म्हटलं, “बौद्ध. केडगावच्या. वडील रेल्वेत गँगमन होते.” “मग आपल्याच की,” असं म्हणून त्यांनी चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत लाकूड कसं वाया जाणार आहे ते मला समजावून दिलं. लोक पान खाऊन येतात. नोटा उधळल्या की त्या टिपायला पोरं चपला घालून वर चढतात. शिवाय मोबाइलमध्ये शूटिंग केलं की ग्रॅनाइट किती चमकतं ते म्हणे मी बघितलं नव्हतं.

“ही कड बघितली?” त्यांनी अर्धचंद्राकडं बोट केलं. “जालन्याचा कारागीर आनला हुता. ह्या पट्ट्यात असलं स्टेज दुसरं न्हाई.”

मी कौतुक केलं, कारण काम खरोखरच चोख होतं. मी पाणसळ लावून बघितली, कुठं वरखाली नाही. मग प्लास्टिकच्या कागदाचे चौकोन कापून सगळीकडून चिकटपट्टीनं स्टेजवर डकवले. हा आमचा साधा दवाखाना. जमिनीतून ओल वर येत असली तर दुसऱ्या दिवशी कागदाखाली दव जमलेलं दिसतं. स्टेजच्या मागच्या भिंतीपलीकडं कालव्याच्या पाण्यावरचा ऊस उभा होता, त्यामुळं मला शंका होतीच. दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइटच्या सांध्यांवर थेंब दिसले. थोडे, पण दिसले.

मी तिघांना समोर बसवून खर्च फोडून सांगितला. आप्पा, कौसल्याबाई आणि रेश्मा. फरशी फोडून खालून पक्कं करायचं तर फोडणं, वाहणं, नवं काँक्रीट, आणि ते सुकेपर्यंत थेटर बंद. हे सगळ्यात महाग. फरशी तशीच ठेवून वरून करायचं तर जाड प्लास्टिक, त्यावर रबराच्या चकत्या, चकत्यांवर लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर प्लाय आणि मग सागाची फळी. स्टेज वर उचललं जाणार, म्हणून खोल्यांकडची दोन दारं तासायची, पायरी वाढवायची आणि पुढचे दिवे हलवायचे. अर्धचंद्राच्या कडेला प्रत्येक फळी वेगळी कापावी लागणार, तिथं नासधूस जास्त.

“आन् नुसतं लॅमिनेट चिकटवलं तर?” आप्पांनी विचारलं.

“स्वस्त पडेल. पण त्याच्या खाली दगडच राहील. पायाला फरक पडणार नाही.”

“दिसंल तर लाकडावानी.”

“मला दिसायला नगंय आप्पा,” कौसल्याबाई म्हणाल्या. “पोरगी लंगडतीय.”

“कौसल्या, हितं धा वर्सं नाचलीस. तवा न्हाई बोललीस.”

“तवा कळत नव्हतं.”

आप्पा उठले. “फरशीला हात लावायचा न्हाई. मी सांगून ठेवतो.” आणि ते निघून गेले. मला वाटलं, काम गेलं. माझ्या धंद्यात असं दर आठवड्याला होतं. मी टेप गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली. आप्पांच्या आई. मला आत बोलावत होत्या. कॉटवर भिंतीला टेकून बसलेली वाळकी म्हातारी, पाय चादरीखाली, डोळे मात्र लख्ख. आप्पा तिथंच खुर्चीवर बसले होते. मला बसायला स्टूल दिलं, कुणी तरी पुन्हा चहा आणला.

“फरशी बदलत्यात म्हनं,” आई मला म्हणाल्या.

“ठरलं नाही अजून, आक्का.”

“मी पन हितंच नाचले. हा पोटात हुता तरी नाचले,” त्यांनी हनुवटीनं आप्पांकडं दाखवलं. “तवा मुरमाची जमीन हुती, वर शेनाचा काला. पोरी रोज सारवायच्या. धूळ उडायची, पन घोटा कवा दुखला न्हाई.”

आप्पा म्हणाले, “आई, जुनं कशाला काढतीस?”

“काढते. ह्यानं पयल्या कमाईचा दगूड टाकला, बाई. लई देखना. गावाला जेवान घातलं. म्हनला, आई, तू आता चिखलात न्हाई, आरशावर नाचायचं.” म्हातारीनं चादरीखालचे पाय जवळ ओढले. “दुसऱ्या वर्सापास्नं पाय सुजाय लागलं. रात्री मीठ घालून शेकायचे.”

आप्पांनी खुर्ची पुढं ओढली. मग आप्पांनी विचारलं, “मला का न्हाई सांगितलंस?”

“लेकानं एवढ्या हौसेनं टाकला. कसं सांगू, टोचतोय म्हनून?”

मी चहा संपवला. दुसरं काय करणार? माणसाच्या घरात माप घ्यायला गेलं की असं कधी कधी कानावर येतं. तिथं आपण नसल्यासारखं बसायचं, हेही या कामात शिकावं लागतं.

आप्पा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. माझ्या मोपेडच्या आरशाकडं बघत म्हणाले, “फोडायचं न्हाई. एक भोक पाडायचं न्हाई त्याला, गोंदाचा एक थेंब नको. वरनं टाका. आन् कड अर्धचंद्रच पायजे.”

आता गंमत बघा. पट्ट्या दगडाला स्क्रूनं जखडायच्या नाहीत, चिकटवायचं नाही, म्हणजे सगळी जमीन नुसती रबरावर टेकून तरंगती ठेवायची. मिस्त्री आधी कुरकुरले. मग म्हणाले, “नाचने के लिए यही अच्छा है ताई. थोडा दबेगा, थोडा उठेगा.” त्यात ग्रॅनाइट इतकं सपाट की सपाटीकरणाचा खर्चच नाही. गिऱ्हाइकाच्या हट्टानं खर्च वाढल्याचे दाखले माझ्याकडं ढिगानं आहेत. खर्च कमी झाल्याचा हा एकच. अर्धचंद्रानं त्यातला काही परत खाल्ला. उरलेलं आम्ही लाकडाच्या प्रतीत भरून काढलं. एक नंबरचा साग सोडून गाठीवाला घेतला. शेठ नाखूश होते, कारण दुकानाचा नफा वरच्या फळीत असतो, खालच्या रबरात नसतो. पण कौसल्याबाई ऐकेनात. “लोक माज्या पोरींकडं बघाय येत्यात. गाठी मोजाय न्हाई येत.”

फळ्या आणून आधी त्याच थेटरात रचून ठेवल्या, मधे लाकडाच्या चिपा घालून, हवा खेळती राहील अशा. लाकूड जिथं राहायचं तिथली हवा त्याला अंगात मुरवू द्यावी लागते. घाई केली तर बसवल्यावर फुगतं नाही तर आकसतं. या थांबण्याचाही खर्च असतो, आणि तो गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त खुपतो, कारण कुणी काम करताना दिसत नाही. आप्पा रोज फोन करून विचारायचे, “लाकडाची विश्रांती झाली का?”

काम पितृपक्षात धरलं. तेव्हा थेटरात गर्दी कमी. एक-दोघींनी शंका काढली की या दिवसांत नवं काही करत नाहीत. कौसल्याबाई म्हणाल्या, “पितर काय आमच्या गुडघ्यावर बसल्यात व्हय?” मिस्त्री कामाला लागले. पट्ट्या, प्लाय, फळ्या. फळीच्या एका अंगाला खाच आणि दुसऱ्या अंगाला जीभ असते. जिभेतून तिरका स्क्रू मारला की पुढच्या फळीखाली तो झाकला जातो. वर काही दिसत नाही. शेवटी चकाकणारं लॅकर न लावता तेल पाजलं, कारण लॅकरवर पाय सटकतो. आप्पांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, “चमक न्हाई.”

मग चाचणी झाली आणि सगळं बोंबललं.

रेश्मा अजून विश्रांतीवर होती. दुसरी मुलगी, सोनाली, चाळ बांधून उभी राहिली. नामदेव मामा ढोलकी घेऊन बसले. चाळीस वर्षं ढोलकी वाजवणारा माणूस, बोलायला कमी. सोनालीनं ठेका धरला आणि स्टेज घुमायला लागलं. धम्म, धम्म. पट्ट्यांमधली पोकळी नगाऱ्यासारखी वाजत होती. चाळांचा आवाज त्यात बुडाला. नामदेव मामांनी हात थांबवला.

“मी कशाला पायजे मग?” ते म्हणाले. “पोरीच वाजिवत्यात की. भोपळा हाय ह्यो.”

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. आम्ही जन्मभर बंगल्यांत जमिनी टाकल्या होत्या. तिथं मऊ कागद अंथरला की आवाज मरतो आणि साहेब खूश होतात. इथं आवाज मारायचा नव्हता आणि घुमूही द्यायचा नव्हता. असं काम आम्ही केलंच नव्हतं. आप्पा स्टेजखाली उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते अर्धचंद्राच्या कडेवरून हात फिरवत होते.

मिस्त्रींनी उपाय काढला. आमच्याकडच्या कारखान्यांत भट्टीभोवती पत्र्याआड दगडी कापूस भरतात, रॉकवूल म्हणतात त्याला. उष्णतेसाठी असतो, पण आवाजही गिळतो. तो पट्ट्यांच्या पोकळीत भरायचा. म्हणजे बसवलेल्या फळ्या पुन्हा उचलायच्या. हे मी सांगितलेल्या खर्चात नव्हतं. मी शेठना फोन लावला, बरंच ऐकून घेतलं, आणि शेवटी ठरलं की मजुरी दुकानाची आणि मालाचे पैसे, बाकीच्या कामासारखेच, कौसल्याबाईंचे.

“सगळीकडं भरू का?” मिस्त्रींनी विचारलं.

“थांबा,” कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी स्टेजच्या मधोमध खुर्ची मागवली. सोनालीला एकेका फळीवर उभं करून टाच आपटायला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. नामदेव मामा शेजारी. “हितं भरा.” “हितं गच्च भरा.” “हितं ऱ्हाऊ द्या.” दोघांचं कुठं जुळलं नाही की मामा ढोलकीवर एक थाप मारायचे आणि पुन्हा ऐकायचे. मिस्त्री खडूनं खुणा करत होते. पुढच्या कडेजवळचा एक पट्टा कौसल्याबाईंनी मोकळाच ठेवायला लावला. तिथं मुलगी शेवटी येऊन उभी राहते आणि पायानं बोलते, असं मला सांगितलं. सकाळी सुरू झालेलं हे काम जेवणाची वेळ टळून गेली तरी चाललं. एवढ्या बारकाईनं जमीन तपासणारी दुसरी गिऱ्हाइकं मी बघितली नाहीत.

पुन्हा फळ्या बसल्यावर सोनाली नाचली. चाळ वेगळे ऐकू आले, पाय वेगळा, ढोलकी वेगळी. नामदेव मामा वाजवत राहिले, थांबले नाहीत, एवढंच. ती त्यांची पसंती.

रेश्माचं हाड जमिनीनं जोडलं असं मी म्हणणार नाही. ते विश्रांतीनं जोडलं. पण ती परत नाचायला लागली आणि पुन्हा चीर गेली नाही. कौसल्याबाई अधूनमधून फोन करायच्या. पान खाऊन थुंकणाऱ्यांबद्दल आप्पांचं म्हणणं खरं ठरलं, दोन डाग पडले. एकाला तर म्हणे आप्पांनी स्वतः फडकं देऊन पुसायला लावलं होतं. मला कौसल्याबाईंनी पहिल्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. मी गेले नाही. काम केलेली जमीन वापरात असताना बघावी, असं मनात होतं, पण केडगावात राहून ते जमलं नाही. ती हुरहूर आहे.

काही वर्षांनी रस्ता रुंद करायचं ठरलं. थेटराचा पुढचा भाग आणि अर्धं स्टेज त्यात जाणार होतं. भरपाई मिळाली, आप्पांनी वाद घातला नाही. मी निवृत्तीला आले होते. एक दिवस कौसल्याबाईंचा फोन आला.

“ताई, काढायचा काय भाव?”

“काय काढायचं?”

“जमीन. आप्पा म्हनत्यात, दगूड माजा, लाकूड तुमचं. घिऊन जा. आमी नगरकडं एका थेटरात चाललोय.”

बसवायचा भाव हजारो लोकांनी विचारला होता. काढायचा कुणी विचारला नव्हता. मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, गोंद नाही, जमिनीला स्क्रू नाही, शेवटच्या ओळीकडून उलगडत गेलं की निघेल. आणि निघाली. फळ्यांच्या पाठीवर नंबर टाकून टेंपोत रचल्या. मोडल्या त्या अगदी थोड्या. खाली ग्रॅनाइट होतं तसंच होतं, काळंभोर. आप्पा येऊन बराच वेळ त्याच्याकडं बघत उभे राहिले. दोन दिवसांनी ते फुटणार होतं.

नव्या थेटराचं स्टेज चौकोनी होतं, त्यामुळं अर्धचंद्राचे तुकडे उरले. मिस्त्री ते सरपणाला म्हणून बाजूला टाकत होते. आप्पांनी अडवलं.

“ह्यातलं थोडं आईच्या खोलीत बसंल का? कॉटखाली. उतरताना पाय गार पडत्यात तिचं.”

खोली पाडापाडीच्या हद्दीबाहेर होती. मिस्त्रींनी कॉटच्या कडेला छोट्या पट्ट्या टाकल्या, त्यावर अर्धचंद्राचे तुकडे जुळवले. गोल कड खोलीकडं. घटकाभराचं काम, त्याचा भाव कुणी विचारला नाही आणि आम्ही सांगितला नाही. आक्का उशीला टेकून बघत होत्या. आता त्यांचं वय किती असेल कोण जाणे. झाल्यावर आप्पांनी आणि कौसल्याबाईंनी दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं. पातळाच्या काठाखालून दोन वाकडी पावलं लाकडावर टेकली. आक्कांनी आधी बोटं पसरली. मग उजवी टाच जराशी उचलून खाली टाकली. डावीकडं सरकल्या, तिथं पुन्हा.

“कसं वाटतंय, आई?” आप्पांनी विचारलं.

आक्का तिथंच आणखी एकदा टाच टेकवून ऐकत राहिल्या.

“ही फळी ढिली हाय,” त्या म्हणाल्या. “नीट कर.”

मिस्त्री गुडघ्यावर बसले, फळी दाबून बघितली, आणि खिशातून स्क्रू काढला.